कालवाच्या अंड्यांचा फलनक्षम काळ आणि ईडीटीए: आयुष्य वाढते, की नुसते विष उतरते?

गोदाकाठची विद्यार्थिनी

नमस्कार. मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्रातल्या अपृष्ठवंशीय प्राण्यांची अंडी, शुक्रपेशी भेटली नाही तर, पाण्यात किती तास फलनक्षम राहतात आणि पाण्यात मिसळलेल्या रसायनांमुळे हा काळ कसा कमी-जास्त होतो, असा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. समुद्रापासून एवढ्या लांब राहून हा विषय कशाला, असे घरच्यांपासून मार्गदर्शकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाले आहे, त्यामुळे तो प्रश्न कृपया येथे नको.

कालवे मी पालघरच्या किनाऱ्यावरून आणते. ओल्या गोणपाटात गुंडाळली की ती शिंपले घट्ट मिटून बसतात आणि विक्रमगड, जव्हार, त्र्यंबक या रस्त्याने दुपारपर्यंत नाशिकला सुखरूप पोहोचतात. शिंपला उघडून जननग्रंथीच्या पातळ त्वचेला चिरा दिला आणि पिपेटने हलकेच पाणी मारले की मादीमधून रवाळ, दुधी पाणी उतरते, तर नरामधून धुरासारखी एकसंध धार निघते. अंडी जाळीतून गाळून, तीनदा धुऊन काचेच्या उथळ तबकात एका थरात पसरून ठेवते. सुरुवातीला ती पेरूच्या आकाराची आणि ओबडधोबड दिसतात. साधारण तासाभरात गोल होतात आणि मधले मोठे फिकट केंद्रक दिसेनासे होते. तिथपासून दर तासाला थोडी अंडी वेगळ्या तबकात घेऊन त्यांत शुक्रपेशी मिसळते आणि दोन तासांनी किती अंड्यांचे विभाजन सुरू झाले ते मोजते.

पाणी कृत्रिम आहे. अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचे सूत्र वापरते: एका लिटरला सोडियम क्लोराइड २४.७२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.६७, कॅल्शियम क्लोराइड १.३६, मॅग्नेशियम क्लोराइड ४.६६, मॅग्नेशियम सल्फेट ६.२९ आणि खाण्याचा सोडा ०.१८ ग्रॅम. क्षार प्रयोगशाळेच्या प्रतीचे आहेत आणि डिस्टिल्ड पाणी विभागातच तयार होते.

अडचण अशी आहे. साध्या कृत्रिम पाण्यात पहिले तीन तास फलन चांगले होते, मग झपाट्याने घसरते आणि सहाव्या तासाला शंभरातल्या चार-पाच अंड्यांपलीकडे काही होत नाही. त्याच पाण्यात लिटरला ०.१ मिलिमोल ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारे रसायन) घातले, तर दहाव्या तासालाही निम्म्याच्या आसपास अंडी फलित होतात. हे पाहून मी उत्साहाने प्रमाण दहापट केले, म्हणजे १ मिलिमोल, आणि पहिल्या तासापासूनच काहीही झाले नाही. अंडी करडी पडून फुटली.

ईडीटीए अंड्याचे आयुष्य खरोखरच वाढवते, असे मी प्रबंधात लिहू शकते का? दहापट प्रमाणाने उलटा परिणाम का झाला? आणि जुन्या संदर्भांत याच कामासाठी ग्लायसिलग्लायसिन हे नाव वारंवार येते, ते याच जातीचे औषध आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


खाजणकाठ

मी काही वर्षे कालवांच्या बीज केंद्रात काम केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर तुमच्या स्वतःच्याच सूत्रात आहे.

प्रयोगशाळेत मिळणारे ईडीटीए म्हणजे बहुधा त्याचे डायसोडियम मीठ असते. त्याच्या प्रत्येक रेणूकडे दोन हायड्रोजन आयन उरलेले असतात आणि समुद्राच्या पाण्यात पडताक्षणी तो कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमला धरतो तेव्हा ते दोन्ही पाण्यात सोडून देतो. म्हणजे १ मिलिमोल ईडीटीएमागे सुमारे २ मिलिमोल आम्ल. आता तुमच्या पाण्यात आम्ल झेलायला काय आहे? ०.१८ ग्रॅम सोडा, म्हणजे जवळपास २.१४ मिलिमोल. तुम्ही पाण्याची सगळी झेलण्याची ताकद एका चमच्यात संपवलीत. समुद्राच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके पाणी आंबट) ८.१ ते ८.२ असतो, तुमच्या त्या तबकातला कितीतरी खाली गेलेला असणार. अंडी ईडीटीएने नव्हे, आंबट पाण्याने मेली. ईडीटीएचे द्रावण आधी वेगळे करून, सोडियम हायड्रॉक्साइडने त्याचा पीएच ८ च्या आसपास आणून मगच मिसळायला हवे होते. ०.१ मिलिमोललाही हा धक्का बसतोच, फक्त तो सोड्याने सहन केला.

बीज केंद्रांत अळ्यांच्या पाण्याला ईडीटीए घालतात ते लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे २.७ मायक्रोमोल. तुमचे ‘कमी’ प्रमाण त्याच्या सदतीसपट होते. इतक्याची गरज नाही.

आता पहिला प्रश्न. पाण्यात कॅल्शियम सुमारे ९ मिलिमोल आणि मॅग्नेशियम ४८ मिलिमोल असताना चिमूटभर ईडीटीए जड धातूंना कसे पकडणार, अशी शंका येणे साहजिक आहे. पण पकडीची ताकद वेगळी असते. ईडीटीए आणि कॅल्शियम यांच्या बंधाच्या स्थिरांकाचा लॉगॅरिदम १०.७ आहे, तांब्याचा १८.८. म्हणजे तांब्यावरची पकड दहा कोटी पटींहून जास्त घट्ट. ईडीटीए आधी कॅल्शियमला धरून बसते खरे, पण तांबे भेटले की हातचे कॅल्शियम सोडून त्याच्याकडे जाते. ही अदलाबदल समुद्राच्या पाण्यात सावकाश होते, त्याला तास लागतात. म्हणून आम्ही ईडीटीए आदल्या रात्री मिसळून ठेवत असू. ऐन वेळी घातलेल्या ईडीटीएचा गुण येत नाही आणि मग लोक प्रमाण वाढवत बसतात.

तर माझा अंदाज असा की तुमच्या पाण्यात तांबे आहे. पॅसिफिक कालवाच्या भ्रूणांवरच्या १९८१ च्या एका अभ्यासात लिटरला जेमतेम ५ मायक्रोग्रॅम तांब्याने ४८ तासांत निम्मे भ्रूण बिघडल्याची नोंद आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. आपण निर्धास्त पितो ते पाणी कालवाच्या पिलाला मारू शकते, आणि यात मानकाची काही चूक नाही. ते माणसासाठी लिहिलेले आहे. क्षारांकडेही पाहा. सोडियम क्लोराइडच्या बाटलीवर जड धातूंची कमाल मर्यादा ०.०००५ टक्के लिहिलेली असते, ती वाचून आपल्याला शुद्धतेची खात्री वाटते. पण लिटरला २४.७२ ग्रॅम मीठ जाते, तेव्हा त्या मर्यादेपर्यंत गेल्यास लिटरला १२० मायक्रोग्रॅमहून जास्त जड धातू आलेले असतील. प्रत्यक्षात बहुतेक बाटल्यांत त्याहून बरेच कमी असतात, तरी हिशेब लक्षात ठेवावा.

म्हणून ‘आयुष्य वाढवते’ असे लिहू नका. पायावर ठेवलेला दगड उचलला म्हणून चालायची ताकद वाढली, असे कोणी म्हणत नाही.


जुनी वही

वरील उत्तरातला रासायनिक भाग बिनचूक आहे, मात्र शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी तीस वर्षे भ्रूणशास्त्र शिकवले आहे आणि हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, म्हणून थोडे मागे जातो.

१९०२ मध्ये झाक लोब आणि लुईस यांनी समुद्री अर्चिन या गोल, काटेरी समुद्री प्राण्याची फलन न झालेली अंडी पोटॅशियम सायनाइडच्या अगदी सौम्य द्रावणात ठेवली आणि ती साध्या पाण्यातल्या अंड्यांपेक्षा बरीच जास्त काळ फलनक्षम राहिल्याचे दाखवले. लोब यांचे म्हणणे असे की अंड्यात दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात: एक त्याला मरणाकडे नेते आणि दुसरी, फलनाने सुरू होणारी, विकासाकडे. सायनाइड श्वसन दाबते, म्हणून मरणाकडची वाट मंदावते. त्याच वर्षी गोरहॅम आणि टॉवर यांनी साधा आणि चोख प्रश्न विचारला: सायनाइड खरोखर अंड्याचे आयुष्य वाढवते, की पाण्यातले जिवाणू मारते? जिवाणू नसतील तर अंडी तशीही जास्त टिकतात, मग श्रेय सायनाइडला कशाला? तुमचा ईडीटीएचा प्रश्न हाच आहे, फक्त गुन्हेगार बदलला आहे. (सायनाइडचा प्रयोग घरी, महाविद्यालयात किंवा कुठेही करून पाहू नये, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.)

ग्लायसिलग्लायसिन हे दोन ग्लायसिन जोडून झालेले लहानसे पेप्टाइड. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अल्बर्ट टायलर आणि होरोविट्झ यांनी १९३७ मध्ये ते समुद्रजलासाठी बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रव्य, म्हणून सुचवले. त्याची बफर करण्याची ताकद पीएच ८.२ च्या आसपास सर्वाधिक असते, म्हणजे नेमकी समुद्राच्या पाण्याची जागा. अंडी अशा पाण्यात जास्त टिकली, तेव्हा श्रेय साहजिकच स्थिर पीएचला गेले. पण पेप्टाइडे आणि अमिनो आम्ले तांब्यालाही धरतात. १९५३ मध्ये टायलर यांनीच अमिनो आम्ले, ईडीटीए, ऑक्सिन, क्युप्रॉन अशी धातू जखडणारी निरनिराळी रसायने वापरून पाहिली. या रसायनांत रचनेचे साम्य फारसे नाही, समान गुण एकच, धातूला धरून ठेवणे; तरी सगळ्यांनी शुक्रपेशींचे आयुष्य वाढले आणि फलन सुधारले. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: होय, बऱ्याच अंशी त्याच जातीचे, पण ते पीएचही सांभाळते. ईडीटीए उलट पीएच पाडते, हे तुम्ही अनुभवलेच आहे.

आता माझी असहमती. खाजणकाठ यांच्या मांडणीत अंडे म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू वाटते; बाहेरचे विष काढले की ती कितीही दिवस जशीच्या तशी राहील. सगळी अंडी अशी नसतात. समुद्री अर्चिनच्या अंड्याने अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) अंडाशयातच संपवलेले असते. ते शांतपणे वाट पाहत बसते आणि स्वच्छ, थंड, जिवाणूरहित पाण्यात बराच काळ टिकू शकते. त्याच्या बाबतीत ‘दगड उचलला’ हे म्हणणे चालेल. तारामाशाचे अंडे निराळे. ते मोठे केंद्रक घेऊन थांबलेले असते आणि १-मिथिलअॅडेनिन या संप्रेरकाने, जे हारुओ कानातानी व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ओळखले, त्याचे पक्वन सुरू होते. एकदा सुरू झाले की घड्याळाला चावी दिल्यासारखे आहे: शुक्रपेशी आली तर विकास, नाही आली तर काही तासांनी मृत्यू. हा मृत्यू पाण्याच्या दोषाने येत नाही. ती पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःला मोडून टाकते, हे २००१ मधल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले, आणि फलन झाल्यावर मॅप कायनेज ही विकरांची साखळी बंद पडते म्हणून अंडे त्यातून सुटते, हेही त्यांतील एकाने दाखवले. १९०२ मध्येच लोब यांना तारामाशाच्या बाबतीत दिसले होते की पक्व झालेली अंडी लवकर मरतात आणि प्राणवायू रोखून पक्वनच थांबवले तर ती टिकतात. त्यांच्याकडे कायनेज हा शब्द नव्हता, निरीक्षण मात्र अचूक होते.

तुमचे कालव या दोहोंच्या मधले आहे. पेरूच्या आकाराचे अंडे गोल होते आणि केंद्रक विरघळते, म्हणजे पक्वन सुरू झाले. त्यानंतर ते पहिल्या अर्धसूत्री विभाजनाच्या मध्यावर येऊन पुन्हा थांबते आणि शुक्रपेशीची वाट पाहते. चावी दिली गेलेली आहे. पाणी कितीही शुद्ध केले तरी हे अंडे अर्चिनसारखे दिवसेंदिवस थांबणार नाही, असे माझे मत आहे. प्रकल्पाचा खरा विषय तिथे आहे: विष काढल्यावर उरते ते आयुष्य किती, आणि ते कशाने बदलते.


गोदाकाठची विद्यार्थिनी

दोन्ही सरांचे मनापासून आभार. ईडीटीएचा पीएच मी मोजलाच नव्हता, हे कबूल करते. काल १ मिलिमोलचे उरलेले पाणी तपासले, ते ५.९ निघाले.

तांब्याचे वाचल्यावर डिस्टिल्ड पाण्याचे यंत्र उघडून पाहिले. विभागातले यंत्र जुने, धातूचे आहे. आत पांढरट कल्हई आहे, पण तळाशी तळहाताएवढा भाग उघडा पडून लालसर दिसतो आणि नळीच्या जोडावर हिरवट ओघळ आहे. काही वर्षांपूर्वी ते दुरुस्त केले होते, असे समजले. हेच कारण असेल का? आणि पुन्हा कल्हई करून घेतली तर चालेल का?


नाशिकरोडचे काका

बाळ, मी एका प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवृत्त झालो आहे. वरच्या दोघांइतके शास्त्र मला येत नाही, पण त्या यंत्राची कल्हई कशी उतरते ते मी हाताने पाहिले आहे.

जुनी यंत्रे तांब्याची असत आणि आतून कथिलाचा लेप दिलेला असे. गंगापूर धरणाचे पाणी उकळून उकळून तळाशी क्षार बसतात, ते काढायला कोणी तरी आम्ल ओततो, नाही तर लोखंडी सुरीने खरवडतो, आणि कल्हई तिथेच जाते. लाल दिसते ते तांबे आणि हिरवे दिसते ते त्याचा गंज. आणखी एक गोष्ट तपास: वाफ थंड करणारी नळी आतून कशी आहे. तळ उघडा असला तरी तांबे वाफेबरोबर सहसा वर येत नाही, उकळी उडून थेंब गेले तरच. पण वाफ थंड होऊन पाणी ज्या नळीतून उतरते ती आतून उघडी असेल, तर ते ताजे, कसलाही क्षार नसलेले पाणी तांब्याला चाटत खाली येते. अशा पाण्याला धातू लवकर लागतो. तुझा हिरवा ओघळ जोडावर आहे, म्हणजे माझा संशय नळीवर.

कल्हईचे म्हणशील तर तांबट आळीत आजही चांगले कारागीर भेटतील, आणि घरच्या पातेल्याला मी अजून तिथूनच कल्हई करून घेतो. पण या कामासाठी नको. कल्हई करताना भांडे तापवून त्यात नवसागर टाकतात आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. पातेले घासून धुता येते, लांब नळी आतून कशी घासणार? पहिल्या कित्येक खेपांच्या पाण्यात अमोनिया उतरत राहील. अंड्यांना त्याने काय होते ते वरचे सर सांगतील.

त्यापेक्षा काचेचे डिस्टिलेशन यंत्र असलेला विभाग शोध. रसायनशास्त्र विभागात बहुधा असते. दोन कॅन भरून घे, पण कॅन नवा घे किंवा तुझा स्वतःचा घे. आणि पाणी आणायला पितळेची किंवा तांब्याची कळशी नेऊ नकोस. हसू नकोस, हे मी होताना पाहिले आहे.


जुनी वही

काकांनी नवसागराचा मुद्दा फार नेमका काढला. अमोनिया पेशीपटलातून सहज आत जातो आणि अंड्याच्या आतला पीएच वाढवतो. समुद्री अर्चिनच्या अंड्याचा आतला पीएच फलनाआधी सुमारे ६.९ असतो आणि फलनानंतर ७.३ च्या आसपास जातो. अमोनियाने शुक्रपेशी नसतानाच तो बदल घडतो आणि अंडे अर्धवट जागे होते. जागे झालेले अंडे थांबून राहू शकत नाही. हीच गोष्ट दाटीने ठेवलेल्या अंड्यांनाही लागू होते, कारण त्यांचा स्वतःचा आणि जिवाणूंचा अमोनिया पाण्यात साचत जातो. एका थरात पसरण्याची तुमची पद्धत योग्य आहे, ती सोडू नका.


सूक्ष्मदर्शी

चर्चा उशिरा वाचली. सगळे अंड्याविषयी बोलत आहेत, पण मूळ प्रश्नात एक वाक्य आहे ज्यावर कोणी बोट ठेवले नाही: ‘दर तासाला त्यांत शुक्रपेशी मिसळते.’ त्या शुक्रपेशी कुठून येतात? सकाळीच एका नराच्या काढून, त्याच कृत्रिम पाण्यात पातळ करून, दिवसभर तीच बाटली वापरली जाते का?

तसे असेल तर सहाव्या तासाला अंडी म्हातारी झाली की शुक्रपेशी, हे या प्रयोगातून कळूच शकत नाही. जननग्रंथीत दाट असताना शुक्रपेशी जवळपास निश्चल असतात. पाण्यात पातळ झाल्या की जोरात पोहू लागतात आणि शिल्लक लवकर संपवतात. केंब्रिजच्या जेम्स ग्रे यांनी समुद्री अर्चिनच्या शुक्रपेशींत हे १९२८ मध्येच मोजले होते: जितके जास्त पातळ, तितके प्रत्येकीचे श्वसन जास्त आणि जोम लवकर संपतो. तांब्याने हे आणखी बिघडते. जुनी वही यांनी १९५३ चा टायलर यांचा जो अभ्यास सांगितला, त्यात आयुष्य वाढले होते ते शुक्रपेशींचे, हे त्यांनीच लिहिले आहे, पण आपण सगळे ते ओलांडून पुढे गेलो. तुमच्या ईडीटीएने अंडी वाचवली की शुक्रपेशी, की दोन्ही?

दुरुस्ती अवघड नाही. नर कालव न उघडता गोणपाटात ठेवा आणि दर वेळी नवा नर उघडा. तेवढे नर नसतील तर जननग्रंथीतला दाट द्रव पाणी न घालता, कोरडाच, बर्फाच्या डब्यावर ठेवा आणि प्रत्येक वेळी थेंब घेऊन ऐन वेळी पातळ करा. पातळ करायचे पाणी मात्र सगळ्या तबकांसाठी एकच आणि स्वच्छ असू द्या. अंड्यांनाही शुक्रपेशी मिसळण्याआधी त्याच स्वच्छ पाण्यात एकदा धुऊन घ्या, म्हणजे ईडीटीएचा परिणाम केवळ वाट पाहण्याच्या काळापुरता उरेल. शुक्रपेशींचे प्रमाणही मोजून ठरवा. फार कमी पडल्या तर चांगली अंडी कोरडी राहतात. फार जास्त पडल्या तर जुन्या अंड्यांत एकाहून अधिक शुक्रपेशी शिरतात, कारण वयाबरोबर दुसरीला अडवण्याची त्यांची शक्ती क्षीण होते. अशी अंडी दुभागण्याऐवजी एकदम तीन-चार वेड्यावाकड्या तुकड्यांत विभागतात. घाईत मोजताना ती ‘फलित’ या रकान्यात जातात आणि आकडा फुगतो. त्यांचा रकाना वेगळा ठेवा. मला विचाराल तर म्हातारपणाची खरी खूण तोच रकाना दाखवेल.

शिवाय ताज्या अंड्यांचे एक तबक रोज हवे. दहाव्या तासाला नवी मादी उघडून तिच्या अंड्यांत त्याच शुक्रपेशी मिसळून पाहा. ती फलित झाली आणि जुनी झाली नाहीत, तरच अंड्यांना दोष द्या.


गोदाकाठची विद्यार्थिनी

सूक्ष्मदर्शी यांचा संशय खरा होता. शुक्रपेशी मी सकाळीच पातळ करून एका चंचुपात्रात ठेवत होते आणि दिवसभर तेच वापरत होते. पहिल्या दोन महिन्यांचे आकडे त्यामुळे वापरता येणार नाहीत. मार्गदर्शकांना तसे सांगितले, ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, परिशिष्टात टाक.

गेल्या आठवड्यात पुन्हा पालघरला गेले आणि चार प्रकारचे पाणी घेऊन प्रयोग केला: धातूच्या यंत्राचे पाणी साधे आणि ईडीटीएसह, काचेच्या यंत्राचे पाणी साधे आणि ईडीटीएसह. ईडीटीए लिटरला १ मिलिग्रॅम, पीएच जुळवून, आदल्या रात्री मिसळलेले. शुक्रपेशी दर वेळी ताज्या. धातूच्या यंत्राच्या साध्या पाण्यात अंडी पूर्वीपेक्षा जरा जास्त टिकली, पण पाचव्या तासानंतर घसरलीच. ईडीटीएने त्यांना नवव्या तासापर्यंत नेले. काचेच्या पाण्यात मात्र ईडीटीए असो वा नसो, दोन्ही तबके जवळजवळ सारखीच चालली, आणि दोन्ही दहाव्या तासाच्या सुमारास एकदमच खाली आली. शेवटच्या दोन तासांत वेड्यावाकड्या तुकड्यांची अंडी वाढत गेली, तो रकाना मी वेगळा ठेवला आहे.

खाजणकाठ सर, तुमचा दगड सापडला. तो उचलल्यावरही दहाव्या तासाला जे होते ते जिवाणूंमुळे, की जुनी वही सर म्हणतात तसे आतल्या घड्याळामुळे, हे पुढच्या खेपेला पाहायचे आहे. त्यासाठी काचेच्या पाण्यातच एका तबकात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन घालणार आहे आणि दुसरे तबक तसेच ठेवणार आहे. प्रतिजैविकांनी पीएच हलत नाही ना, हे या वेळी आधी मोजेन. विभागातल्या यंत्रावर ‘फक्त काचसामान धुण्यासाठी’ अशी चिठ्ठी लावली आहे.


नाशिकरोडचे काका

काचसामान धुऊन झाले की शेवटचे पाणी काचेच्या यंत्राचेच फिरव. नाही तर त्याच तबकात तेच तांबे पुन्हा येईल.